ग्रंथपाल घडवायला पैसा कोण देणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिघोरी म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे उमरेड रस्त्यावरचा दिघोरी नाका उभा राहतो. मी राहतो ती दिघोरी वेगळी. ही भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातली, धानाच्या बांध्यांमधली दिघोरी. सरकारी कागदावर तिला ‘दिघोरी मोठी’ म्हणतात. संगणकावर नुसते ‘दिघोरी’ टाइप केले, तर आधी नाक्याजवळच्या फ्लॅटच्या जाहिराती येतात. आमचे गाव मागे कुठेतरी राहते. ‘बाबा रे, तुला नेमकी कोणती दिघोरी हवी?’ असे विचारून योग्य कागद हातात ठेवायला माणूस लागतो. त्या माणसाला ग्रंथपाल म्हणतात. हा माणूस येतो कुठून, त्याला शिकवतो कोण आणि त्या शिक्षणाचा खर्च कोण उचलतो, हा आजचा विषय.

पुष्कळांची अशी समजूत असते की ग्रंथपाल म्हणजे कपाटाची किल्ली सांभाळणारा आणि रजिस्टरवर सही घेणारा गृहस्थ. याला कसले आले शिक्षण? पण एखादे नवे पुस्तक वाचनालयात आले की त्याचे काय काय होते ते पाहा. आधी दाखल नोंद होते. मग पुस्तक कोणत्या विषयाचे हे ठरवून त्याला वर्गांक द्यावा लागतो. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये मांडलेली दशांश पद्धत आपल्याकडे अनेक ग्रंथालयांत चालते. तिच्यात मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे. त्यापुढे १ लावला की झाली मराठी कविता. हा अंक पाहून जगाच्या कुठल्याही टोकाचा ग्रंथपाल सांगेल की या कप्प्यात मराठी कवी बसले आहेत.

नंतर येते नावाची नोंद, आणि खरी कसोटी तिथे लागते. शाहीर अमर शेख यांचे पाळण्यातले नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांची नोंद ‘शेख’खाली करायची की ‘पटेल’खाली? श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, ‘योगसंग्राम’कर्ते. त्यांच्या नावातला ‘शेख’ म्हणजे आडनाव नव्हे. मग त्यांना आणि अमर शेखांना एकाच आडनावाचे भाऊबंद समजून शेजारी बसवायचे का? दोन शेखांमध्ये तीनेकशे वर्षांचे अंतर आहे. शिकलेला ग्रंथपाल अशा वेळी एक नाव मुख्य धरतो आणि दुसऱ्या नावाखाली ‘इकडे पाहा’ अशी चिठ्ठी ठेवतो. ती चिठ्ठी नसली तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाला सापडत नाही. न सापडणारे पुस्तक आणि नसलेले पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने काही फरक नाही.

तेव्हा हे शिकण्याचे शास्त्र आहे. आणि भारतात ते शिकवण्याची सुरुवात एका मराठी माणसाच्या पैशाने झाली, हे आपल्याला ठाऊक असायला हवे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेली मुले पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांना त्याच ओघात पडला. अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला पगार देऊन बडोद्याला आणले. १९११ मध्ये बॉर्डन यांनी तिथे ग्रंथपालनाचा वर्ग उघडला. भारतातला हा असा पहिला वर्ग मानला जातो. बडोद्याहून पुढे ‘लायब्ररी मिसलनी’ नावाचे त्रैमासिक निघाले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही असे. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. महाराजांनी पुस्तके विकत घेतली, इमारती बांधल्या, आणि त्याबरोबर माणसे तयार करण्यावरही खर्च केला. बडोद्याची ही गोष्ट शंभर वर्षांनंतरही सांगावीशी वाटते ती या तिसऱ्या खर्चामुळे.

दुसरी गोष्ट मद्रासची. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपालाच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली. थोड्याच दिवसांत त्यांचा जीव गुदमरला. वाचक नाहीत, बोलायला कोणी नाही, दिवसभर नुसते बसायचे. मला परत शिकवायला घ्या, म्हणून ते प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, आधी विद्यापीठ तुम्हाला प्रशिक्षणासाठी इंग्लंडला पाठवते आहे, तिथे जाऊन या, परत आल्यावरही कंटाळा वाटला तर पाहू. रंगनाथन लंडनला गेले. तिथली ग्रंथालये त्यांनी फिरून पाहिली. कामगार, गृहिणी, मुले, सगळे तिथे हक्काने येतात, हे पाहून त्यांचे डोळे उघडले. एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच तेच तुकडे वेगवेगळ्या रीतीने जोडले की दर वेळी नवे खेळणे तयार होते. पुस्तकाचा विषयही असाच तुकडे जोडून दाखवता येईल, ही कल्पना त्यांना तिथे सुचली आणि त्यातून पुढे १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला.

आता विचार करा. विद्यापीठाने त्या प्रवासाचा खर्च केला नसता, तर रंगनाथन पुन्हा गणित शिकवायला गेले असते. चांगले प्राध्यापक झाले असते, यात शंका नाही. पण भारतीय ग्रंथालयशास्त्राचा जनक आपल्याला लाभला नसता. विद्यापीठाने एका माणसाच्या शिक्षणावर केलेला खर्च कसा फळतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. रंगनाथनांनी ते ऋण फेडलेही. १९५६ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी दिले. अध्यासनाला नाव दिले पत्नीचे, शारदा रंगनाथन. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. हार घातला जातो, भाषणे होतात. त्या एक लाखाची आठवण मात्र फारशी निघत नाही.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांना पैसा देण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग स्थापन झाला. १९५६ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले आणि अध्यक्ष झाले आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि माजी अर्थमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत आयोगाने रंगनाथनांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. कॉलेजातल्या ग्रंथपालाचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस या समितीने केली. आज महाविद्यालयाचा ग्रंथपाल सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीत असतो, त्याचे मूळ तिथे आहे. त्या जागेसाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही परीक्षा लागते. नेटमध्ये वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्याला संशोधनासाठी कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती महिन्याला ३७ हजार रुपये झाली. ग्रंथालयशास्त्रालाही मिळते, संगणकशास्त्रालाही मिळते. अल्पसंख्य समाजातल्या संशोधकांसाठी २००९ पासून मौलाना आझाद शिष्यवृत्ती होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ती बंद करत असल्याचे संसदेत सांगितले. आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना मदत करतात.

म्हणजे शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पैसा आहे. कमी-जास्त असेल, उशिरा येत असेल, पण आहे. आता खालच्या पायरीवर येऊ, जिथे आमच्यासारखी गावे उभी आहेत.

गावागावात ग्रंथालय असावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३९ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. फैजीसाहेब इस्लामी कायद्याचे नामांकित अभ्यासक आणि मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य. १९४० च्या अहवालात समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी सुचवली. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. ग्रंथालय संचालनालय आले, जिल्ह्याला ग्रंथालय अधिकारी आला, आणि १९७० च्या नियमांनी अनुदानाची पद्धत ठरली. संस्था लोकांनी चालवायची आणि सरकारने वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यायचे. अ, ब, क आणि ड हे ते वर्ग. आज राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये हजारोंनी आहेत. दुसऱ्या राज्यांतल्या लोकांना याचा हेवा वाटतो, आणि वाटावा असेच हे काम आहे.

पण हिशेब मांडून पाहा. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ मंजूर केली, तेव्हा ते ४८ हजार झाले. यातली निम्मी रक्कम वेतनाची, निम्मी पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे वगैरेची. निम्मे म्हणजे २४ हजार. बाराने भागा. त्या वाढीनंतर ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपये पडू लागले. वाढीच्या आधी साडेबाराशे पडत होते. त्याच वर्षी, २०२२-२३ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. म्हणजे महिनाभर वाचनालय उघडणाऱ्या माणसाचा पगार मातीकामाच्या जेमतेम आठ दिवसांच्या मजुरीएवढा. जिल्हा ‘अ’ वर्गाचे अनुदान याच वाढीत ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजारांवर गेले. ऐकायला मोठे वाटते, पण तिथल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे वेतन त्यातल्या निम्म्यात भागवायचे असते. म्हणून ग्रंथालय कर्मचारी वर्षानुवर्षे वेतनश्रेणी मागत आहेत.

या पगारावर काम करणाऱ्याकडून आपण अपेक्षा काय ठेवतो? त्याने संचालनालयाच्या मान्यतेचा प्रमाणपत्र वर्ग केलेला असावा. जमल्यास पदवीनंतरचा ग्रंथालयशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, म्हणजे बी.लिब. केलेला असावा. हे बी.लिब. खेड्यातल्या मुलांच्या आवाक्यात आले ते मुक्त विद्यापीठांमुळे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ते १९८९ मध्ये सुरू केले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही चालवते. घरी राहून, धानाची रोवणी-कापणी सांभाळून मुली ते पुरे करतात. आमच्या भागातली अशी एक मुलगी मला ठाऊक आहे. बी.लिब. उत्तम गुणांनी झाली. आता एका दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. मी विचारले, वाचनालयात का नाही गेलीस? ती म्हणाली, “चाचा, शहरात जागा निघत नाही अन् गावात पगार निघत नाही. मग मी हे शिकली कायसाठी?” शाळेत ग्रंथपालाची जागा असते, पण पूर्णवेळ पदासाठी शाळेत हजार विद्यार्थी लागतात. आमच्याकडच्या किती शाळांत हजार मुले भरतात, ते तुम्हीच मोजा. त्या मुलीला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आता संगणकाकडे येतो, कारण ग्रंथपाल आणि संगणक शिकलेला विद्यार्थी यांचे आता एकमेकांवाचून चालत नाही. भारतातल्या विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचे काम अनुदान आयोगाने १९९१ मध्ये हाती घेतले. त्याचे नाव इन्फ्लिबनेट. मौज अशी की हा प्रकल्प आरंभी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या पंखाखाली होता. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी पुस्तकांच्या जाळ्याचा सांभाळ केला. १९९६ मध्ये इन्फ्लिबनेट स्वतंत्र झाले. त्याने विद्यापीठांच्या ग्रंथालयांना संगणकांसाठी पैसा दिला, ‘सोल’ नावाची संगणकप्रणाली बनवली आणि ती चालवायला ग्रंथपालांना शिकवले. बडोद्याच्या महाराजांनी केले तेच इथे झाले. सामान आणि शिक्षण दोन्ही एकाच हाताने दिले गेले, म्हणून काम उभे राहिले.

सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आता फुकट साधनेही आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेले ई-ग्रंथालय आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाने बनवून घेतलेले कोहा आहे. १९९९ संपत आले होते, जुनी प्रणाली २००० साल मोजू शकणार नव्हती आणि नवी विकत घेणे परवडत नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःची प्रणाली लिहून घेतली आणि जगाला मोकळी करून दिली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, नजराणा. ही भेट आज जगभरची ग्रंथालये वापरतात.

मग आमच्या वाचनालयांत का नाही? संगणक येतो कधी कधी. कुठल्या तरी योजनेतून किंवा एखाद्या देणगीदाराकडून येतो. त्यावर प्लास्टिकचे आवरण चढते. सुरू झालाच तर अडचण वेगळीच निघते. पूर्वी कुणीतरी हौसेने पुस्तकांची यादी जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. नव्या संगणकावर ती उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. ती यादी युनिकोडमध्ये आणायची तर दोन माणसे लागतात. एकाला फाँटचे गणित कळले पाहिजे, दुसऱ्याला पुस्तकांच्या नोंदीचे शास्त्र कळले पाहिजे. कोणी ‘माडगूळकर ग. दि.’ लिहिलेले असते, कोणी ‘ग.दि. माडगुळकर’. संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक झाला की शोध फसतो. हे सोडवणारी प्रणाली संगणकाचा विद्यार्थी लिहू शकतो, पण काय सोडवायचे ते ग्रंथपालाने सांगावे लागते. २००१ पासून एमएस-सीआयटीमुळे आमच्याकडची हजारो मुले संगणक शिकली. टाइप करतात, तक्ते बनवतात. त्यांची आणि वाचनालयाची गाठ घालून देणारी व्यवस्था तेवढी झाली नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. जुने ग्रंथपाल मोठ्या संख्येने निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी कोण येणार, अशी चिंता शतकाच्या आरंभी तिथे होती. तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश स्वतः ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या. २००२ मध्ये त्यांनी नव्या ग्रंथपालांच्या भरती आणि शिक्षणासाठी सुमारे एक कोटी डॉलरची योजना जाहीर केली आणि २००३ पासून अनुदाने सुरू झाली. पैसा विद्यापीठांना मिळाला आणि विद्यापीठांनी त्यातून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. ग्रंथपालनाबरोबर संगणकाचे, माहिती साठवण्याचे शिक्षणही त्यात आले. मार्च २०२५ मध्ये हे अनुदान देणाऱ्या संघीय संस्थेवरच कात्री चालवण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला आणि अनेक राज्ये त्याविरुद्ध न्यायालयात गेली. श्रीमंत देशातही ग्रंथपालाचे शिक्षण हा सहज कापता येण्यासारखा खर्च समजला जातो, हे यातून दिसते. पण त्यांची मूळ कल्पना घेण्यासारखी आहे. माणूस आधी निवडायचा, शिकताना त्याच्या पोटाची सोय करायची आणि मग त्याला कामावर पाठवायचे.

आपल्याकडेही धोरणांत या गोष्टीची आठवण अधूनमधून होते. १९७२ मध्ये स्थापन झालेले कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्यांच्या साथीने ग्रंथालयांना पुस्तके आणि साहित्य पुरवते. २०१२ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय अभियान आले, त्यात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वेगळा विभाग होता. तरी गावातल्या कपाटाजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत यातले फार थोडे पोहोचते.

आमच्या भागात माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांना आम्ही मामा तलाव म्हणतो. तलाव पावसाने भरतो. पण भरलेल्या तलावाचे पाणी आपोआप बांधीत जात नाही. कोणाच्या बांधीला कधी आणि किती पाणी सोडायचे, हे जाणणारा माणूस लागतो. तो नसला तर तलाव भरलेला राहतो आणि धान वाळते. पुस्तकांच्या बाबतीत आपण तलाव भरत बसलो आहोत.

यात माझे स्वतःचेही देणे आहे. आमच्या घरात हिंदी-उर्दू मिसळलेली बोली, अंगणात झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी. शाळेतली मराठी मला परक्या पाहुण्यासारखी वाटे. नववी-दहावीत असताना वाचनालयाच्या ग्रंथपालांनी विचारले, घरी गजला ऐकतोस ना? आणि सुरेश भटांचा ‘एल्गार’ हाती दिला. संग्रह तेव्हा नवा होता, १९८३ चा. गजल मराठीत श्वास घेऊ शकते हे मला त्या दिवशी कळले, आणि मराठी माझी झाली. नंतर मी बी.ए. केले, कविता लिहू लागलो. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे रंगनाथनांचे दुसरा आणि तिसरा नियम सांगतात. त्या ग्रंथपालांनी रंगनाथन वाचले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण समोरचा पोरगा कोण, त्याच्या घरात काय वाजते आणि त्याला कोणते पुस्तक द्यावे, हे त्यांनी ओळखले. संगणक मला भटांचे सगळे संग्रह दाखवू शकेल. पण मला भट हवे आहेत हे मलाच ठाऊक नव्हते, तर मी शोधले काय असते?

आज आमच्याकडच्या वाचनालयांत सर्वाधिक गर्दी असते ती पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींची. अभ्यासिकेत जागा मिळत नाही. ही मुले पाच वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका, एखाद्या कायद्यातली नवी दुरुस्ती, अर्जाची खरी तारीख शोधत असतात. मोबाइलवर त्यांना दहा उत्तरे मिळतात, त्यातली सात खोटी. आता तर विचारताक्षणी सफाईदार मराठीत उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. ती चुकतात तेव्हाही त्याच सफाईने चुकतात. खरे कोणते आणि कुठल्या कागदावर छापले आहे, हे दाखवणारा माणूस पूर्वीपेक्षा आज जास्त हवा आहे. शहरातल्या मुलाला शिकवणीच्या वर्गात तो मिळतो. खेड्यातल्या मुलीला तो वाचनालयातच मिळू शकतो. ती मुलगी चुकीच्या तारखेवर विसंबली तर तिचे एक वर्ष जाते, आणि पुष्कळ घरांत मुलीला दुसरे वर्ष दिले जात नाही, लग्न ठरते.

करता येण्यासारखे काय आहे? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, विद्यापीठांनी ग्रंथालयशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना शिकत असताना विद्यावेतन द्यावे आणि त्याबदल्यात वर्ष-दोन वर्षे ग्रामीण ग्रंथालयात काम करण्याचे वचन घ्यावे. डॉक्टरांकडून आपण खेड्यातली सेवा मागतो, मग ग्रंथपालांकडून पगार देऊन ती का मागू नये? दुसरी, नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुलांना क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांचे श्रेयांक ठेवले आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्यांना जवळच्या वाचनालयाची यादी युनिकोडमध्ये आणण्याचे आणि ई-ग्रंथालय किंवा कोहा बसवण्याचे काम या श्रेयांकांसाठी द्यावे. याला वेगळे अनुदान लागत नाही, एका प्राचार्याची इच्छा लागते. तिसरी गोष्ट गावाची. झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि एका रात्रीच्या नाटकासाठी गाव वर्गणी काढते, मंडप घालते. नाटक व्हावेच, मीही पहाटेपर्यंत बसतो. पण त्याच गावाने वर्षातून एकदा आपल्या ग्रंथपालाच्या वेतनासाठी वर्गणी काढली, तर दोन हजारांचे चार हजार व्हायला वेळ लागणार नाही.

शेवटी तरुण मुलामुलींना एक सांगतो. पुस्तकांची आणि माणसांची आवड असेल तर हे शास्त्र शिकायला घ्या, आणि संगणकासह शिका. बारावी झालेल्यांनी भंडाऱ्याला जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रमाणपत्र वर्गाची चौकशी करावी. पदवीधरांनी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर बी.लिब.ची माहिती विचारावी. शुल्कात सवलत कोणाला आणि किती, हे तिथेच लेखी मागून घ्या. आणि वाचनालयाच्या संचालक मंडळावर बसणाऱ्या आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना एवढेच, की पुढच्या वार्षिक सभेत पुस्तकखरेदीच्या आधी ग्रंथपालाच्या पगाराचा विषय घ्या.